तो घोरत होता

ती घटना आठवते असे मी म्हणणार नाही, कारण घटना मी बऱ्याच विसरलो आहे. आठवतो तो एक आवाज. माझ्याच टेबलासमोर बसून एकामागून एक माणसांनी तो मला काढून दाखवला होता. निवृत्तीनंतर लोक चांगल्या तपासांबद्दल विचारतात. हा तपास चांगला झाला. कागद चोख होते, निष्कर्ष बरोबर होता, वरिष्ठांचा शेराही चांगला आला. तरी त्याची आठवण निघाली की तोंड कडू होते. नावे कुणाचीच देणार नाही. ती सगळी माणसे अजून त्याच गावांत राहतात आणि लग्नाकार्यात एकमेकांसमोर येतात.

मी तेव्हा पेण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खाडीकडची मिठागरांची गावे आणि आतली भाताची गावे, दोन्ही आमच्या हद्दीत. भाताची झोडणी उरकली की या पट्ट्यात कबड्डी सुरू होते. शनिवार-रविवार आला की बंदोबस्ताचे अर्ज, लाऊडस्पीकरची परवानगी, कोणत्या गावाचे कोणाशी जुने भांडण आहे याची उजळणी. अशा दिवशी सगळी माणसे मैदानांवर वाटून संपतात आणि ठाणे अंमलदार एकटा फोन सांभाळतो. त्या रविवारी ऊन उतरत असताना त्याला फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, मैदानावर या. एका बाईनं छातीवर बसून माणूस मारला."

ठाणे अंमलदाराला तो दारूड्याचा फोन वाटला. मला तसे वाटेना. थापा मारणारा तपशील फार देतो. या माणसाने एकच वाक्य सांगून फोन ठेवला होता. स्टेशन डायरीला नोंद करायला लावून मी गाडी काढली.

आम्ही पोहोचेपर्यंत मैदान रिकामे होत आले होते. पाणी मारून चोपलेली माती, चुन्याच्या रेषा, उलटलेल्या खुर्च्या. मधल्या रेषेजवळ फोडलेला कांदा पडला होता आणि शेजारी एक चप्पल. माणसाला टेम्पोत घालून पेणला दवाखान्यात नेले होते. तिथे पोहोचण्यापूर्वीच तो गेला होता.

जे घडले त्यातल्या एवढ्या भागावर कुणाचेच दुमत नव्हते. सामना यजमान गाव आणि रोह्याकडचा एक संघ यांच्यात होता. रोह्याच्या संघातून दोघे भाऊ खेळत होते. मयत त्यांतला धाकटा. लग्न ठरलेले, अंगाने काटक, चढाईला नावाजलेला. तो चढाईला गेला, यजमानांच्या एका पोराने त्याला कोपऱ्यात पकडले, झटापटीत गुडघा छातीत बसला. धाकटा तरीही निसटला, मधल्या रेषेला हात लावला, उठून उभा राहिला आणि तोंडावर कोसळला. पंचाने गुण दिला. गुण देऊन झाल्यावर त्याने खाली पाहिले.

"फिट आली" असे कुणीतरी ओरडले आणि मग सगळ्यांनाच ती फिट दिसू लागली. कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली, हातात मोटारसायकलच्या चाव्या कोंबल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक तरुण बाई धावत आली, सगळ्यांना ढकलून त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागली. ती त्या गावची सून. धाकट्याला पकडणारा पोरगा तिचा सख्खा दीर. हे नाते नसते तर पुढचे अर्धे रामायण झाले नसते.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. छातीच्या मधल्या हाडाला जिथे बरगड्या जुळतात तिथे दोन्ही बाजूंना त्या मोडलेल्या होत्या. बाकी कुठे घाव नाही. मृत्यूच्या कारणाबद्दल डॉक्टरांनी मत राखून ठेवले. तेवढ्यात मयताचा थोरला भाऊ फिर्याद घेऊन आला आणि त्याच्यामागे निम्मे गाव येऊन ठाण्याच्या आवारात बसले. मी आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली होती. त्यांना सदोष मनुष्यवध हवा होता, आणि बाई कोठडीत हवी होती.

थोरल्याचा जबाब मी स्वतः घेतला. त्याचे डोळे सुजलेले होते, पण बोलणे सरळ होते.

"साहेब, माझा भाऊ जिता व्हता. घोरत व्हता. सगळ्यांनी ऐकलाय. श्वास चालू व्हता त्याचा. मंग ही आली आणि छातीवर बसली. कट् करून हाड मोडल्याचा आवाज आला. म्हणून मी तिला ओढली. बाकीच्यांनी पण ओढली."

"मारली?"

"ती परत परत येत व्हती," तो म्हणाला. "मारणार नाय तर काय?"

असे जबाब आले की पोलिसाने आधी दुसऱ्या बाजूचे घर पाहावे. मी गेलो. ओटीवर सासू बसली होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "माज्या पोरानी फकस्त पकड केली ओ साहेब. हाडं मोडली ती हिनी. सगल्या गावानी बघितला. हिला कोणी सांगितला व्हता परक्या पुरुषाच्या छातीवर चढायला?"

आत दाराआड सून उभी होती. सासूने मागे वळून म्हटले, "सांग गो साहेबांना. खरा काय तो सांग."

हिशोब सरळ होता. बरगड्या पकडीत मोडल्या असतील तर मुलगा अडकतो, बाईने मोडल्या असतील तर सून. मुलगा घरचा, सून बाहेरून आलेली. घराने निवड केली होती. तिचा नवरा खाली मान घालून मोबाइलकडे बघत होता. मी नोकरीत पुष्कळ नवरे बघितले, पण त्या मान खाली घालण्याचा मला आजही राग येतो.

तिला मी ठाण्यात बोलावले, महिला शिपाई शेजारी बसवली. मनगट सुजलेले, गालावर वळ, ओठ फाटलेला. ती रोह्याकडच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी विभागात होती. कासू स्टेशनवर गाडी पकडायची आणि शिफ्टला जायची. कंपनीने तिला हे छाती दाबण्याचे शिक्षण दिले होते. दर काही महिन्यांनी रबरी पुतळ्यावर सरावही व्हायचा. तोंडाची ती फटकळ होती, आणि मला वाटते त्यामुळेच गावात तिच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही.

"छातीवर बसलात?" मी विचारले.

"बसले नाय. शेजारी गुडघे टेकले. हात छातीवर. बसणं येगळं आणि दाबणं येगळं, साहेब. तुमच्या कागदात काय लिवलाय?"

कागदात 'छातीवर बसली' असेच लिहिले होते. सगळ्या साक्षीदारांनी तेच शब्द वापरले होते.

"बरगड्या मोडल्या?"

"मोडल्या असतील. हाताखाली कळलं मला. शिकवताना सांगतात, मोडल्या तरी थांबू नका."

"पण तो श्वास घेत होता. घोरत होता म्हणतात सगळे."

तिने सुजलेले मनगट दुसऱ्या हातात धरले. मग म्हणाली, "तो घोरत नव्हता." त्यापुढे तिला ते सांगता येईना. पुतळा घोरत नाही, त्यामुळे तो आवाज तिनेही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला होता. तिने फक्त एवढेच पाहिले होते, की हाक मारून तो हलत नाही आणि छाती नीट वरखाली होत नाही. शिकवले होते त्याप्रमाणे तेवढे तिला पुरेसे होते.

"मार खाल्ल्याची तक्रार द्या," मी सांगितले.

"नको. त्यांचा माणूस गेलाय."

प्रकरण आता एका शब्दावर अडले होते. घोरत होता म्हणजे जिवंत होता, आणि जिवंत माणसाची छाती मोडली म्हणजे मारला. साक्षीदार दोन्ही गावांचे होते आणि या एका शब्दावर दोन्ही गावे एक झाली होती. शत्रू जेव्हा एकच शब्द बोलतात तेव्हा तो बहुधा खरा असतो, म्हणून मलाही तो मोडता येईना.

मग मी एक साधी गोष्ट केली. साक्षीदारांना एकेकटे आत घेतले आणि म्हटले, "कसा घोरत होता? काढून दाखव." शब्द पाठ करून येता येते, आवाज पाठ होत नाही. पहिला लाजला. मी दम दिल्यावर त्याने तोंड उघडले, जबडा खाली ओढला, घशातून एक ओढ घेतली आणि थांबला. इतका वेळ थांबला की संपले असे वाटून मी पेन उचलले. तेव्हा त्याने दुसरी ओढ घेतली. दुसऱ्या साक्षीदाराने तसेच केले, तिसऱ्यानेही. सामन्याच्या पंचाने केले, पाणी घेऊन धावलेल्या माणसाने केले. थोरल्याने मात्र पहिली ओढ घेतली आणि त्याला पुढे जमले नाही. माझा लेखनिक हवालदार उठून बाहेर गेला.

झोपलेला माणूस असा घोरत नाही, एवढे मला कळत होते. पुढचे कळत नव्हते. मी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांच्या खोलीचे दार लावले आणि त्यांच्यापुढे तो आवाज काढला. वर्दीतला म्हातारा अधिकारी तोंड वासून बसलेला पाहून त्यांना हसू यायला हवे होते. ते हसले नाहीत.

"हे घोरणं नाही," ते म्हणाले. "हे आचके. हृदय बंद पडल्यावरही मेंदूचा तळ थोडा वेळ घशाला अशा ओढी द्यायला लावतो. त्यानं फुप्फुसात काही जात नाही. तुमच्या साक्षीदारांनी हा आवाज ऐकला असेल, तर बाईचा हात लागण्यापूर्वीच हृदय थांबलेलं होतं."

"मग गुडघ्यानं मारलं?"

"गुडघा बसणं रोजचं आहे. पण ठोक्याच्या एका नेमक्या क्षणी छातीवर मार बसला तर धडधाकट माणसाचं हृदय लय सोडतं आणि नुसतं थरथरत राहतं. कुणाचाही हेतू लागत नाही. दुर्दैव म्हणा. अशा वेळी छाती दाबल्यानं हृदय चालू होत नाही, पण रक्त मेंदूपर्यंत ढकललं जातं. ती बाई आपल्या हातांनी त्याचं हृदय चालवत होती म्हणा ना. ते थरथरणं मोडायला मशीनचा झटका लागतो. तोवर दाबत राहायचं. मधे थांबलात की जितकं कमावलं तितकं गेलं."

मी विचारले, "वाचला असता?"

"सांगता येणार नाही. पण तरुण होता, हृदय निरोगी होतं. अशी माणसं वाचतात. मशीन लवकर मिळालं तर."

आचके हा शब्द आपल्या भाषेत आहे, गावातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे. मैदानावर शेकडो माणसांनी आचके ऐकले आणि एकानेही तो शब्द उच्चारला नाही. कारण आचके म्हटले की माणूस चालला हे कबूल करावे लागते. घोरतोय म्हटले की तो झोपलाय. त्या शब्दामागे माया होती, आणि त्याच मायेने त्याचा घात केला.

राहिलेले काम एका मोबाइलने केले. हल्ली या पट्ट्यातला प्रत्येक सामना थेट दाखवतात. मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर लावून ठेवलेला असतो, आणि त्या दिवशी तो बंद करायचे कुणाला सुचलेच नव्हते. चित्रफीत जप्त करून पंचनाम्याच्या पंचांसमक्ष पाहिली. बाई शेजारी गुडघे टेकून होती, छातीवर बसलेली नव्हती. कोपर ताठ, दाबण्याची लय एकसारखी. ती मान वर करून ओरडत होती, "पंचायतीतली मशीन आणा. मशीन." समालोचकाच्या माईकमध्ये ते पकडले गेले. आणि समालोचक त्याच रंगलेल्या आवाजात सांगत होता, "ग्रामपंचायतीच्या कपाटाची चावी ज्यांच्याकडे असेल त्यांनी व्यासपीठाजवळ यावे." मग थोडे थांबून, "आणि आजच्या चषकाचे दाते यांचे मंडळ आभारी आहे."

मशीन होते. एका कंपनीने गावाला भेट दिलेले, हृदयाला झटका देणारे. मैदानाला लागूनच पंचायतीची इमारत, आत कपाट, कपाटाला कुलूप. चोरीला जाऊ नये म्हणून. चावी शिपायाकडे आणि शिपाई पाहुण्यांसाठी वडापाव आणायला गेलेला. कुलूप फोडावे असे कुणाला वाटले नाही, कारण माणूस घोरत होता.

आम्ही पंचनाम्यासाठी कपाट उघडले. मशीनला हळदकुंकू लावलेले होते, दसऱ्याची झेंडूची माळ वाळून तशीच होती. बाजूला हिरवा दिवा लुकलुकत होता. मी झाकण उघडले तर ते बोलू लागले. शांत बायकी आवाजात हिंदीतून सांगू लागले की मदत बोलवा, छातीवरचे कपडे काढा, चित्रात दाखवल्याप्रमाणे पट्ट्या चिकटवा. एका पंचाने नकळत पायातल्या चपला काढल्या. पट्ट्या चिकटवल्या की ते स्वतः हृदय तपासते आणि गरज असेल तरच झटका देते. शाळेतल्या पोराला वापरता येईल असे ते यंत्र. मला झाकण बंद करायचे सुचेना आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.

आता थोरल्याला सांगायचे होते. अहवाल पाठवून मोकळे होता आले असते. पण तो ऐकणारा नव्हता. तो कोर्टात खासगी फिर्याद करणार, आणि मग ती बाई पाच-सात वर्षे तारखा करत फिरणार, हे दिसत होते. म्हणून मी त्याला बोलावले, पुढ्यात डॉक्टरांचे मत वाचले, आचके समजावले आणि चित्रफीत लावली.

तो शेवटपर्यंत बघत राहिला. पडद्यावर बाईच्या खांद्याला धरून मागे खेचणारा पहिला हात कुणाचा आहे हे स्पष्ट दिसत होते. ती पडते, उठते, परत जाऊन दाबू लागते. पुन्हा तोच हात. ती गुडघ्यांवर रांगत पुन्हा जाते. मग बाकीचे तिच्यावर तुटून पडतात.

"साहेब, हा हात माझा हाय," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात तो वाचलाच असता असं सांगता येत नाही."

"हा हात माझा हाय ना?"

"होय," मी म्हणालो.

त्याने कोरा कागद मागितला, फिर्याद द्यायची नाही असे लिहून दिले आणि सही केली. बाहेर बसलेल्या गावकऱ्यांशी एक शब्द न बोलता तो फाटकातून निघून गेला. पुढे त्याने कबड्डी सोडली, आणि कोलाडजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात तो कामाला लागल्याचे कळले. भावजय होणार होती ती मुलगी दुसरीकडे दिली. बाईची माफी त्याने मागितली नाही, आणि तिच्या गावानेही मागितली नाही. सासूने मला निरोप पाठवला, पोरगा सुटला, देवाची कृपा. बरगड्या आपल्या हाताखाली मोडल्या हे सुनेने खरे सांगितले म्हणून तो सुटला, हे तिच्या मनातही आले नसेल.

या प्रकरणाने काय शिकवले असे विचाराल तर सरळ सांगतो. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर कांदा आणि चपला बाजूला ठेवा. घशातून ओढी येत असतील तर त्यांना श्वास समजू नका. आपण आचके म्हणजे तोंडात पाणी घालायची वेळ समजत आलो. ती छाती दाबायची वेळ आहे. एकाने १०८ ला फोन करावा, एकाने मशीनसाठी धावावे, कुलूप असेल तर फोडावे. एकाने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहावे. बरगडी मोडेल, मोडू द्या. कपाटांच्या चाव्या खिळ्याला लटकत ठेवा. पोलिसांनीही 'छातीवर बसली' असे लिहिण्याआधी एकदा कशी बसली ते विचारावे.

मी हे भाषणांतून पुष्कळ सांगितले. लोक टाळ्या वाजवतात.

निवृत्त होऊन वर्ष झाले तेव्हा त्या गावांच्या बीटवरचा जुना हवालदार मला भेटायला आला. त्याच गावात एका हळदीच्या मांडवात एक वयस्कर माणूस जेवता जेवता आडवा झाला होता. ती बाई तिथेच वाढत होती. या वेळी सगळ्यांना तिची आठवण झाली. "अगो, तुला येतंय ना, बघ गो," बायकाच म्हणाल्या. ती गेली, गुडघे टेकले, कान लावून त्याचे आचके ऐकले, दोन्ही हात छातीवर ठेवले. आणि हात तसेच ठेवून तिने मान वर केली आणि त्या म्हाताऱ्याच्या मुलांकडे पाहून विचारले, "दाबू का?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कुणी हो म्हणाले नाही, कुणी नको म्हणाले नाही. तिने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर तिने एकदाची दाबायला सुरुवात केली, तेव्हा आचकेही थांबले होते.

"मग काय झाले पुढे?" मी हवालदाराला विचारले.

"काय नाय साहेब," तो म्हणाला. "या वेळी कोणाचीच तक्रार आली नाय."